उल्कावर्षावासाठी कर्जत लोकल

ऑगस्टचा दुसरा आठवडा आला की ययाती तारकासमूहातून होणाऱ्या उल्कावर्षावाच्या बातम्या छापून येतात. १२-१३ ऑगस्टच्या त्या रात्रीची युरोप-अमेरिकेतले आकाशप्रेमी वर्षभर वाट पाहतात. आपल्याकडे तेव्हा पावसाळा ऐन भरात असतो. उल्हास नदी दुथडी वाहत असते, मलंगगडाचा माथा ढगांत बुडालेला असतो आणि कल्याणच्या पुढे राहणाऱ्या माणसाला आठ-आठ दिवस एक चांदणी दिसत नाही. आपल्या वाट्याचा उल्कावर्षाव डिसेंबरातला. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेने येणाऱ्या या उल्कांना जगभर ‘जेमिनिड्स’ म्हणतात. पाऊस जाऊन दोन महिने झालेले असतात, हवा कोरडी असते, रात्र मोठी असते आणि थंडी सोसण्याजोगी. दरवर्षी नेमाने होणाऱ्या वर्षावांत हा सर्वांत भरघोस म्हणावा असा आहे.

तो पाहायला लडाखला किंवा कच्छच्या रणात जायला हवं, असं अनेकांना वाटतं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांना कर्जत लोकलचं तिकीट पुरतं. ज्या वर्षी चंद्र आड येत नाही, त्या वर्षी मी ही रात्र याच मार्गावर काढतो. संध्याकाळी उल्हासनगरच्या गच्चीवर सुरुवात करायची, वाटेत अंबरनाथ आणि बदलापूरला उतरायचं आणि मध्यरात्रीच्या आत वांगणी गाठायची. एकाच रात्रीत, एकाच रेल्वेमार्गावर आकाश कसं उलगडत जातं, हे पाहण्यासाठी याहून सोपा प्रवास मला माहीत नाही.

उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर वसलेलं गाव. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी ‘कल्याण कॅम्प’चं उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प चार असंच सांगतात. जेमतेम तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर माणसं राहतात. फर्निचरची दुकानं, जीन्सचे कारखाने, कापडबाजार, रात्री उशिरापर्यंत लखलखणारे चौक. इतक्या दाट वस्तीचा उजेड वर जातो, हवेतल्या धुळीवर आणि धुरावर पसरतो आणि सगळ्या आकाशाला राखाडी-पिवळी झाक येते. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि उल्हास खोऱ्यातला धूर तिथेच कोंडला जातो. त्यामुळे ढग नसलेल्या रात्रीही आकाश स्वच्छ असेलच असं नाही.

गच्चीवर गेल्यावर मी आधी कृत्तिका शोधतो. डोळ्यांवर ताण न देता तिथे वेगवेगळे तारे किती दिसतात, यावरून आकाशाची प्रत लगेच कळते. उल्हासनगरहून कृत्तिका म्हणजे एक पुसट ठिपका, फार तर दोन-तीन तारे. रोहिणी दिसते, ब्रह्महृदय दिसतं, पूर्वेला मृगाचे चार पाय आणि मधलं त्रिकांड ओळखता येतं. बाकीचं आकाश रिकामं. ताऱ्यांची तेजस्विता प्रतींमध्ये मोजतात आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक. उत्तम अंधारात साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे डोळ्यांनी दिसतात. इथे साडेतीनच्या पुढे फारसं काही लागत नाही.

तरीही संध्याकाळ इथे घालवायला कारण आहे. आपल्या अक्षांशावर मिथुन राशीतला उल्कांचा उगमबिंदू १४ डिसेंबरच्या सुमारास संध्याकाळी साडेसातनंतर ईशान्येला उगवतो. तो क्षितिजाला टेकलेला असताना येणारे कण वातावरणाच्या वरच्या थराला जवळजवळ समांतर घासून जातात. अशा उल्का संख्येने फार कमी असतात, पण लांबलचक आणि संथ. एका वर्षी साडेआठच्या सुमारास अशी एक उल्का ईशान्येच्या इमारतींमागून वर आली, पिवळसर रंगाची, ब्रह्महृदयाच्या खालून निघाली आणि मावळतीकडे विझेपर्यंत नजरेने आरामात तिचा पाठलाग करता आला. शेजारच्या गच्चीवर पतंगाची फिरकी आवरत असलेल्या मुलाने विचारलं, “अंकल, वो क्या गया?” त्याला सांगितलं, तेव्हा तो फिरकी ठेवून कठड्याशी उभाच राहिला. भरवस्तीतही थोरली उल्का दिसते, हे मला त्या मुलाच्या चेहऱ्यावर नीट वाचता आलं.

उल्का म्हणजे तुटलेला तारा नव्हे, हे शाळेत शिकवतात. पण ती नेमकी कशी घडते, हे कळलं की पाहण्याची गोडी वाढते. सूर्याभोवती फिरणारे धूमकेतू आणि काही लघुग्रह आपल्या कक्षेत धूळ आणि खडे सांडत जातात. पृथ्वी वर्षातून एकदा ठरावीक तारखेला या धुळीच्या पट्ट्यातून जाते. वाळूच्या कणाएवढे ते चण्याएवढे हे तुकडे वातावरणात शिरतात, समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते, कणाचा पृष्ठभाग वितळून वाफ होतो आणि आजूबाजूच्या हवेसकट तो झगमगतो. हा सगळा खेळ जमिनीपासून साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर, दोनेक सेकंदांच्या आत संपतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत आणि तारा असे पाच प्रकार सांगितले. म्हणजे आपल्याकडे लोक या दृश्याची वर्गवारी करण्याइतकं बारकाईने पाहत होते. उंची मात्र पहिल्यांदा मोजली गेली ती १७९८ मध्ये. ब्रांडेस आणि बेंझेनबर्ग या दोन जर्मन विद्यार्थ्यांनी काही अंतरावरच्या दोन ठिकाणांहून एकच उल्का टिपली आणि तिच्या जागेतल्या फरकावरून उंची काढली.

उल्हासनगरहून पुढचं स्टेशन अंबरनाथ. पूर्वेला उतरून वालधुनीच्या काठी शिवमंदिरापाशी जावं. रात्री मंदिर बाहेरूनच पाहायचं, पण बाहेरूनही ते भरपूर देतं. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारांच्या काळातलं मंदिर. सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. गाभाऱ्यावरचं शिखर पूर्ण झालेलं नाही, त्यामुळे पिंडीवर थेट आकाश आहे. या शिलालेखाच्या सहा वर्षं आधी, १०५४ च्या जुलैत, वृषभ राशीत एका ताऱ्याचा स्फोट झाला होता. चीनमधल्या ज्योतिर्विदांनी तो नोंदवून ठेवला आणि तो तेवीस दिवस भर दिवसाही दिसत होता. त्या ताऱ्याचे अवशेष आज दुर्बिणीतून खेकडा तेजोमेघ म्हणून दिसतात. वृषभाच्या शिंगाच्या टोकापाशी, मिथुनाच्या अगदी शेजारी. डिसेंबरच्या रात्री उल्कांची वाट पाहताना नजर नेमकी त्याच भागावरून फिरत असते.

अंबरनाथचं आकाश उल्हासनगरपेक्षा थोडंच बरं. औद्योगिक वसाहतीतले दिवे रात्रभर जळतात आणि पश्चिमेला कल्याण-डोंबिवलीचा उजेड एखाद्या न संपणाऱ्या संध्याकाळीसारखा पसरलेला असतो. पण शहराच्या कडेला, वस्ती विरळ होते तिथे, कृत्तिकेत चार तारे मोजता येतात. इथे फार वेळ न घालवता पुढची गाडी धरावी.

बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर. डिसेंबरात गाडीतून उतरताच थंडी जाणवते. इथला किमान पारा मुंबईपेक्षा बराच खाली उतरतो, कारण समुद्र लांब आहे आणि उल्हासच्या खोऱ्यात रात्रीची गार हवा साचते. कुळगाव, कात्रप, बेलवली या भागांत आता उंच इमारती झाल्या आहेत. काही वर्षांपूर्वी जिथे शेतं होती, तिथे आज संकुलांच्या प्रवेशद्वारावर झगझगीत पांढरे दिवे आहेत. तरी नदीच्या बाजूला गेलं की आकाश खोल होतं. कृत्तिकेत पाच तारे, मृगाच्या आतल्या बाजूचे बारके तारे, सारथीचा पंचकोन पूर्ण. साडेचारपर्यंतची प्रत डोळ्यांना लागते.

हा प्रतींचा हिशेब उल्कांच्या संख्येत कसा उतरतो, ते सांगायला हवं. वृत्तपत्रांत ‘तासाला १२० उल्का’ असा आकडा येतो. तो आदर्श परिस्थितीचा असतो. उगमबिंदू थेट डोक्यावर, आकाशात साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत आहेत आणि नजर एक क्षणही हटलेली नाही, अशा निरीक्षकाला इतक्या उल्का दिसतील. उल्कांमध्ये अंधूक उल्काच जास्त असतात. त्यामुळे आकाशाची एक प्रत गमावली की उल्का अडीच पटीहून थोड्या जास्तच घटतात. याच गणिताने पाहिलं तर मध्यरात्री उल्हासनगरच्या गच्चीवर तासाला पाच-सहा, बदलापूरच्या नदीकाठी चौदा-पंधरा आणि वांगणीच्या आतल्या शेतात मध्यरात्र उलटल्यावर चाळीसच्या आसपास उल्का मिळायला हव्यात. प्रत्यक्षातला अनुभवही याच्या आगेमागेच असतो. तीन थांब्यांच्या अंतरात उल्का सातपट होतात, हे या मार्गाचं खरं माहात्म्य.

बदलापूरहून काही जण बारवी धरणाकडे जायचा विचार करतात. अंधार तिथे चांगला आहे, पण रात्री धरणाच्या भिंतीवर किंवा जंगलात जाऊ नये. धरण संरक्षित आहे आणि या जंगलात बिबट्याचा वावर आहे. कोंडेश्वरच्या बाजूचंही तेच. त्यापेक्षा कर्जतकडे जाणारी पुढची गाडी पकडून वांगणीला उतरणं शहाणपणाचं.

वांगणी अंबरनाथ तालुक्यातलंच गाव, पण आकाश पाहणाऱ्यांच्या नकाशावर त्याला वेगळं स्थान आहे. हॅलेचा धूमकेतू १९८५-८६ मध्ये येऊन गेला, त्या उत्साहातून मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं. या मंडळाने रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी वांगणी निवडली आणि मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी मुलांनी पहिली आकाशगंगा इथे पाहिली. निवड का केली, ते स्टेशनाबाहेर पडून दोन किलोमीटर आत गेलं की समजतं. पश्चिमेला चंदेरीचा सुळका आणि त्याला लागून दक्षिणेकडे माथेरानपर्यंत गेलेली डोंगरांची रांग. या रांगेमुळे पनवेल आणि नवी मुंबईचा बराचसा उजेड अडवला जातो. वायव्येला बदलापूर-कल्याणची झळाळी आहेच, त्यामुळे उत्तर ध्रुवाकडचा भाग फिका राहतो. पण पूर्व आणि आग्नेय मोकळी. तिकडे सह्याद्रीची मुख्य भिंत, भीमाशंकरचं पठार आणि त्यामागे घाटमाथ्यावरची तुरळक गावं.

डिसेंबरात भातकापणी होऊन गेलेली असते. खाचरं कोरडी पडलेली, धसकटं उरलेली आणि बांध सोडून कुठेही झाड नाही. उल्का पाहायला यापेक्षा चांगलं अंगण कोणी मुद्दाम बांधूनही मिळणार नाही. मात्र काही खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला असतो. आम्ही जिथे बसतो त्या शेताचे मालक दरवर्षी एवढंच सांगतात, “वालावर पाय देऊ नका, बाकी कुठं पण बसा.” एका वर्षी तेही घोंगडी घेऊन आमच्यात येऊन बसले आणि म्हणाले, “लहानपणी अंगणात झोपायचो तेव्हा हे रोजचंच होतं. आता दिव्यानं दिसत नाय.” परवानगी विचारून, बांधावरून चालत आणि कचरा परत नेऊन हा पाहुणचार टिकवायचा असतो.

वांगणीच्या फलाटावर कर्जतच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं की समांतर रूळ लांबवर एका बिंदूतून फुटल्यासारखे दिसतात. उल्कावर्षावाचंही तसंच आहे. सगळे कण एकमेकांना समांतर येतात, पण आपल्याला ते पुनर्वसू नक्षत्रातल्या कॅस्टर ताऱ्याजवळच्या एका बिंदूतून चहूकडे फाकल्यासारखे भासतात. म्हणूनच उल्का आकाशात कुठेही दिसू शकते. तिची वाट मागे लांबवली आणि ती मिथुनात पोहोचली, तर ती या वर्षावातली. उगमबिंदूकडेच टक लावून बसलं तर तिथल्या उल्का आखूड दिसतात, कारण त्या आपल्याच रोखाने येत असतात. नजर तिथून चाळीस-पन्नास अंश दूर, सर्वांत काळ्या भागावर ठेवावी. वांगणीत हा भाग पूर्व-आग्नेयेला, क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध मिळतो.

मध्यरात्रीनंतर मृग डोक्यावरून पश्चिमेकडे कलू लागतो, व्याध दक्षिणेला चढतो आणि माथेरानच्या डोंगरावर अगस्ती लखलखतो. उगमबिंदू रात्री अडीचच्या सुमारास सर्वांत वर, जवळजवळ माथ्यावर येतो. एक ते चार हा सुगीचा काळ. उल्का सारख्या अंतराने येत नाहीत. दहा मिनिटं काहीच घडत नाही, मग एका मिनिटात तीन जातात आणि सगळे एकदम ओरडतात. एकदा एकच्या सुमारास एक उल्का प्रश्वा ताऱ्याजवळ उमटली, व्याधाच्या शेजारून खाली आली, मधेच दोनदा भडकली आणि अगस्तीकडे उतरता उतरता विझली. रंग आधी पांढरा, भडकताना पिवळा. मागे धुरासारखी रेघ जवळजवळ राहिलीच नाही. हेही जेमिनिड्सचं लक्षण. सिंह राशीतल्या नोव्हेंबरच्या उल्का सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाने येतात आणि मागे रेघ सोडतात. मिथुनातल्या उल्कांचा वेग त्याच्या निम्मा, ३५ किलोमीटर. त्यामुळे त्या संथ वाटतात आणि नवख्या माणसालाही “ती बघ” म्हणेपर्यंत सापडतात.

आणखी एक गंमत नकाशा घेऊन करण्यासारखी आहे. पूर्वेला पंचेचाळीस अंश उंचीवर दिसलेली उल्का शंभरेक किलोमीटर उंचीवर असेल, तर ती आपल्यापासून शंभरेक किलोमीटर पूर्वेच्या गावावर आहे. म्हणजे वांगणीहून पाहिलेली ही उल्का सह्याद्री ओलांडून, जुन्नर मागे टाकून, आळेफाट्याच्याही पलीकडे जळत असते. तिथल्या शेतकऱ्याला ती थेट डोक्यावर दिसते.

या वर्षावाचा उगम बराच काळ कोडं होता. बहुतेक वर्षावांचा माग धूमकेतूपर्यंत जातो. शियापरेली या इटालियन ज्योतिर्विदाने १८६६ मध्ये ययातीच्या उल्का स्विफ्ट-टटल धूमकेतूच्या कक्षेतून येतात हे दाखवलं. ऑक्टोबरात मृगातून येणाऱ्या आणि मे महिन्यात कुंभ राशीतून येणाऱ्या उल्का हॅलेच्या धूमकेतूच्या. जेमिनिड्स १८६२ च्या सुमारास प्रथम लक्षात आल्या, पण त्यांचा धूमकेतू सापडेना. ऑक्टोबर १९८३ मध्ये अवरक्त किरणांत आकाश पाहणाऱ्या ‘इरास’ उपग्रहाच्या छायाचित्रांत एक लघुग्रह सापडला. त्याला फेथॉन हे नाव मिळालं. त्याची कक्षा आणि जेमिनिड्सची कक्षा तंतोतंत जुळली. फेथॉन ५२४ दिवसांत सूर्याभोवती फेरी मारतो आणि बुधाच्याही आत, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सातव्या हिश्श्याइतका सूर्याजवळ जातो. तिथल्या उष्णतेने त्याचा पृष्ठभाग भाजून निघतो. त्याने इतकी धूळ नेमकी कधी आणि कशी टाकली, यावर अजून संशोधन चालू आहे. धूमकेतूच्या मऊ धुळीपेक्षा हे कण घट्ट असतात आणि म्हणून वातावरणात जास्त खोलवर टिकतात.

वांगणीत दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. लोकलमध्ये फिरून वस्तू विकणारी यांतली कितीतरी माणसं आपल्या रोजच्या ओळखीची असतात. उल्कावर्षाव त्यांच्यासाठीही आहे, कारण उल्का ऐकता येते. उल्का जळते तेव्हा तिच्या वाटेवरची हवा विद्युतभारित होते आणि क्षणभर रेडिओ लहरींना आरसा मिळतो. क्षितिजापलीकडच्या दूरच्या रेडिओ केंद्राची, एरवी न लागणारी लहर त्या आरशावरून परावर्तित होऊन आपल्या रेडिओवर सेकंदभर उमटते. योग्य अँटेना लावून रिकाम्या कंप्रतेवर कान दिला की उल्का मोजता येतात, ढगांतून आणि दिवसाही. जगभरचे हौशी निरीक्षक ही पद्धत वापरतात. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत एक कोपरा असा ऐकण्यासाठी राखला, तर वांगणीच्या या शेजाऱ्यांनाही सहज बोलावता येईल.

आता जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. दुर्बीण लागत नाही, उलट तिने आकाशाचा तुकडा लहान होतो. चटई, जाड पांघरूण, कानटोपी आणि थर्मासमधला चहा हवा. पहाटे दव पडतं, त्यामुळे चटईखाली प्लास्टिक घालावं. पायात बूट हवेत, कारण धसकटांत फुरसं असू शकतं. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झटक्याने ती मोडते. विजेरीला पतंगाचा लाल कागद दोन पदरी बांधावा. कोणी पोपटी, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजण्याचा बेत केला असेल, तर ती आधी खाऊन विस्तव विझवावा आणि मग आडवं व्हावं. लुकलुकत जाणारं विमान आणि संथ, एकसारखा सरकणारा उपग्रह यांना उल्का समजू नये. एकट्यादुकट्याने न जाता गटाने किंवा संस्थेच्या कार्यक्रमातून जावं. परत यायला कर्जतहून येणाऱ्या पहाटेच्या गाड्या आहेत.

शक्य असेल तर नोंद ठेवावी. पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग पाडून प्रत्येक भागात या वर्षावातल्या किती आणि इतर किती उल्का दिसल्या, दिसणारा सर्वांत अंधूक तारा कोणता, ढग किती, एवढं लिहिलं तरी पुरे. १९८८ पासून काम करणारी आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा हौशी नोंदी जगभरातून गोळा करते आणि त्यांवरूनच वर्षावाचा चढउतार ठरतो. भारताच्या रेखांशावरच्या नोंदी महत्त्वाच्या आहेत, कारण युरोपात दुपार असते तेव्हा आपल्याकडे रात्र सुरू होते आणि त्या तासांचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागतो. वांगणीत बसून लिहिलेला कागद त्या हिशेबात जातो.

तारीख ठरवताना चंद्राकडे पाहावं. दत्तजयंती १३-१४ डिसेंबरच्या आसपास आली, की त्या वर्षी चांदण्यात बारीक उल्का बुडाल्या असं समजावं. २०२४ मध्ये तसंच झालं. २०२७ मध्येही पौर्णिमा नेमकी १३ डिसेंबरला आहे. २०२६ चं वर्ष मात्र चांगलं, कारण चंद्र मध्यरात्रीपूर्वीच मावळतो. २०२८ मध्ये अमावास्या १६ डिसेंबरला असल्याने रात्रभर अंधार मिळेल.

चंद्र दर महिन्याला मावळतो, पण दिवे मावळत नाहीत. बदलापूरहून कर्जतपर्यंत संकुलं, फार्महाऊस आणि लग्नाची लॉन वाढत आहेत. त्यांच्या कुंपणावरचे प्रखर पांढरे दिवे अर्धा उजेड आकाशात आणि शेजारच्या शेतात सांडतात. ही वाढ थांबणार नाही आणि लोकांना घरं हवीच आहेत. पण उजेड खाली, रस्त्यावर पडेल अशी टोपी दिव्याला बसवणं, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावणं आणि मध्यरात्रीनंतर गरजेपुरतेच दिवे ठेवणं हे साधं काम आहे. त्यात वीजही वाचते. आपल्याच राज्यात, नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने हे करून दाखवलं. आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवले आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. जंगलाच्या गावांना जे जमलं, ते बदलापूरच्या नगरपालिकेला आणि वांगणीच्या ग्रामपंचायतीलाही जमण्यासारखं आहे.

यंदाच्या १३ किंवा १४ डिसेंबरला घरातल्या मुलांना घेऊन कर्जत लोकल पकडा. आणि परत आल्यावर आपल्या सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या आणि फाटकावरच्या दिव्यांचा विषय मांडा. अंधार वाचवायची सुरुवात आपल्या फाटकावरच्या दिव्यापासूनच करावी लागेल.